आईला खाली सारखी खाज आणि पांढरं जाणं, ट्यूब लावली की थांबतं आणि परत सुरू. फ्लुकोनॅझोल आणून देऊ का?

कोपरखैरणेची_लेक
नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे पण घरात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे विचारतेय. आई ६१ वर्षांची, माझ्याकडेच असते कोपरखैरण्याला, शुगर आहे बरीच वर्षं. तिला खाली प्रचंड खाज येतेय, आग होते, आणि अंगावरून पांढरं जातंय, दही फाटल्यावर कसं दिसतं तसं, वास वगैरे काही नाही. हे तिने मला सांगितलंच नव्हतं, बाथरूमच्या खिडकीत परकराच्या मागे ट्यूब लपवलेली सापडली तेव्हा कळलं. खालच्या मेडिकलमधून "खाजेची द्या" म्हणून आणलेली. लावली की एखाद दिवस थंड, मग पुन्हा तेच, आणि आता तर जांघेत आणि छातीखालच्या घडीत पण लालभडक झालंय, कडेला बारीक बारीक पुटकुळ्या. त्यात हा पाऊस, कपडे वाळतच नाहीत, ती तसेच दमट कपडे घालते. नेटवर बघितलं तर यीस्ट म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन वाटतंय. त्यावरची फ्लुकोनॅझोल १५० ची एक गोळी घेतली की बरं होतं म्हणतात, देऊ का? डॉक्टरकडे चल म्हटलं की "आता या वयात काय दाखवायचं ते" म्हणून विषय बंद.

पाचपाखाडी_काकू
अगं घाबरू नकोस, पावसाळ्यात होतं असं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवायला सांग, सुती कपडे, आणि आत थोडं दही लावलं तरी आराम पडतो, आमच्याकडे हेच करायचे.

काउंटरमागून_ठाणे
मी फार्मासिस्ट आहे, नौपाड्यात. काकू, सुती कपड्यांचं शंभर टक्के बरोबर, पण आत दही किंवा कसलंही पाणी नको हो, आतली जागा स्वतःची स्वतः साफ होत असते आणि असं काही केलं की तिथले चांगले जंतू जातात आणि काम वाढतं. ते सुगंधी लिक्विड वॉश पण त्यातलेच.

लेकीला दोन प्रश्न. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचून सांगा, नाव नको, आतली औषधं. आणि आईच्या शुगरच्या गोळ्या कुठल्या, अलीकडे काही नवीन सुरू झालीये का? तोपर्यंत फ्लुकोनॅझोल देऊ नका प्लीज.

कोपरखैरणेची_लेक
ट्यूब दुमडून दुमडून अर्धी अक्षरं गेलीत पण वाचलं. क्लोबेटासोल, नियोमायसिन, मायकोनॅझोल. गोळ्या म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन, आणि हो, उन्हाळ्यात डॉक्टरांनी शुगरचीच आणखी एक, डापाग्लिफ्लोझिन १० वाढवली. खाज साधारण त्यानंतरचीच असावी, पण गोळीने खाज कशी येईल?

काउंटरमागून_ठाणे
येते ना, तेच विचारायचं होतं मला. या गोळीचं कामच असं आहे की किडनी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, दिवसाला ५०-६० ग्रॅम सहज, कधी जास्त पण. म्हणजे मूठभर साखर रोज त्या वाटेने जाते आणि कॅन्डिडा नावाचं यीस्ट तिथे आधीपासून थोडंफार राहत असतंच, त्याला आयतं जेवण. बायकांना जास्त, पुरुषांनाही होतं. २०२० मध्ये डापाचं पेटंट संपलं, मार्च २०२५ पासून त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनची पण स्वस्त जेनेरिक आली, त्यामुळे आता आमच्याकडे चारातल्या दोन शुगरच्या चिठ्ठ्यांवर यातलं एक असतंच, आणि धुण्यापुसण्याबद्दल पेशंटला कोणी सांगितलेलं नसतं.

पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हां. हार्ट आणि किडनीसाठी ती चांगली आहे, काही जणांना मुद्दाम त्यासाठीच दिलेली असते. ज्यांनी लिहिली त्यांना फोन करून सांगा की हे होतंय, ते ठरवतील चालू ठेवायची की बदलायची.

आता ट्यूब. क्लोबेटासोल हे एकदम कडक स्टिरॉइड. ते खाज दाबतं म्हणून आईला वाटतं बरं झालं, पण खाली बुरशी आरामात वाढते आणि कातडी पातळ होते, नाजूक जागी तर लवकरच. आमच्या धंद्यातली ही खरंच लाज वाटावी अशी गोष्ट आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं आणि तरी बिस्किटासारखं विकलं जातं. ती ट्यूब थांबवा. थांबवल्यावर काही दिवस खाज उलट वाढल्यासारखी वाटू शकते, तेव्हा परत तीच लावून बसू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि तुमची ती एक गोळी. साध्या केसमध्ये १५० ची एक पुरते हे खरं, पण शुगर असेल तर बऱ्याचदा एकाने भागत नाही. शिवाय फ्लुकोनॅझोल आणि ग्लिमेपिराइड एकत्र आले की ग्लिमेपिराइड शरीरातून लवकर निघत नाही, शुगर धाडकन खाली येऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. अटोरवास्टॅटिनशी पण जरा सांभाळूनच. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल त्यांनी तर विचारूच नका. म्हणून अशा पेशंटला डॉक्टर बहुतेक क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या औषधाच्या आत ठेवायच्या गोळ्या देतात रात्री झोपताना, आणि घडीत लावायला नुसती क्लोट्रिमॅझोलची क्रीम, स्टिरॉइडविना. शुगरवाल्यांना कोर्स लांब, ७ ते १४ दिवस. खाज थांबली म्हणून मधेच सोडायचा नाही.

घोडबंदरवर_अडकलेला
पुरुषांना पण होतं यावर माझी सही घ्या 😅 मला एम्पा चालू होती, पुढची कातडी लाल, सुजलेली, मागे सरकेना, मी आधी काय काय भयंकर कल्पना करून बसलो होतो. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या "शुगरची गोळी कुठली" हेच विचारलं. क्रीम दिली, आणि लघवी झाल्यावर दर वेळी पाण्याने धुवून नीट कोरडं करायचं सांगितलं. ऑफिसमध्ये कटकट होते पण तेवढ्यानेच माझं परत झालं नाही, गोळी चालूच आहे.

नेरूळ_वेलनेस
मूळ कारण पोटातलं यीस्ट आहे. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंका, धागे खाली उतरले तर कॅन्डिडा समजा. तीन महिने ब्रेड, इडली, डोसा, फळं सगळं बंद, कोर्स हवा असेल तर मेसेज करा.

वाशी_लॅबवाली
थुंकी पाण्यात थोडी तरंगणार थोडी बुडणार, त्यात कॅन्डिडा दिसत नाही हो. ६१ वर्षांच्या बाईचं ग्लिमेपिराइड चालू असताना तिचं जेवण तोडायला सांगताय, कमाल आहे. आणि इडलीच्या आंबवण्याने कोणाला खाली इन्फेक्शन होत नाही.

लेकीला सांगते, मी मायक्रोबायोलॉजीत काम करते, रोज स्वॅब बघते. दह्यासारखं, बिनवासाचं आणि खाज म्हणजे बहुतेक कॅन्डिडाच, पण "बहुतेक" वर महिनोनमहिने औषध करू नका. मासळीसारखा वास असला तर ते बॅक्टेरियाचं असतं, त्याचं औषध वेगळं, फेसाळ पिवळट-हिरवं असलं तर तिसरंच काही. स्वॅब घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं की बरंच कळतं, सारखं होत असेल तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायचे, ते पण करतात कारण कॅन्डिडा ग्लॅब्राटा म्हणून एक भाऊबंद आहे त्याच्यावर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही. वर्षात तीन-चार वेळा झालं तर डॉक्टर सहा महिने आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल असा मोठा कोर्स पण देतात, पण तो त्यांनीच ठरवायचा.

आणखी एक, पाळी गेलेल्या बायकांची प्रत्येक खाज यीस्टची नसते. हार्मोन कमी झाल्याने कोरडेपणा येतो त्याची खाज असते, आणि लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असतो, पांढरे चट्टे पडतात, तो राहिला तर पुढे त्रासदायक, त्याला गंमत म्हणजे तेच कडक स्टिरॉइड लागतं पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून एकदा बघावंच लागतं, फोटोवरून नाही होत. आईला सांगा तपासणी पाच मिनिटांची असते, आणि गायनॅककडे बाहेर बसलेल्या निम्म्या बायका तिच्याच वयाच्या असतात. मागच्या तीन महिन्यांची शुगर पण करून घ्या एचबीएवनसीवाली. मात्र ताप आला, किंवा त्या भागात खूप दुखून सूज चढली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. क्वचितच होतं पण डापासारख्या गोळीवर असताना माहीत असावं.

कोपरखैरणेची_लेक
सगळ्यांना थँक्यू, खरंच. आईला गोळीचं कारण सांगितलं तर म्हणाली "म्हणजे माझ्या अस्वच्छतेमुळे नाही ना?" तेच मनात धरून बसली होती बहुतेक. शनिवारी वाशीला लेडी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये, गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती ट्यूब सोबत नेतेय. परकर इस्त्री करून घालायला दिले तर चालेल ना?

काउंटरमागून_ठाणे
चालेल काय, उत्तम. फक्त नाडी पण कोरडी हवी, कमरेवर तिथेच पहिलं लाल होतं. आणि टॉवेल वेगळा.

ऐरोली_माइंडस्पेस
धाग्यात घुसतोय, सॉरी. माझ्या छातीवर पाठीवर पांढरट शिबं आलीत, जिममुळे घाम खूप येतो, हे पण यीस्टच का?

वाशी_लॅबवाली
हो पण वेगळं, मॅलासेझिया, सगळ्यांच्या कातडीवर असतं, कोंड्यात पण तेच. किटोकोनॅझोलचा शॅम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवायचा असं सांगतात काही दिवस, स्किनवाल्यांना एकदा दाखवून घ्या. डाग जायला महिने लागतात, रंग परत आला नाही म्हणून औषध वाढवत बसू नका. बाकी वेगळा धागा काढा.