‘जगात तुझ्यासारखं कुणीच नाही’: ही पुस्तकं मुलांसाठी की पालकांसाठी?

चिंचबोरं:
वाढदिवसाला द्यायच्या चित्रपुस्तकांचा एक प्रकार सध्या भलताच बोकाळलाय. ऑर्डर देताना मुलाचं नाव, केस कसे, चष्मा आहे का, एवढं भरायचं. आठवडाभरात गुळगुळीत कागदावरचं पुस्तक दारात हजर. पानोपानी इंद्रधनुष्य, तारे, ‘जगात तुझ्यासारखं कुणीच नाही’ आणि शेवटी आईबाबांचं आभाळाएवढं प्रेम. माझ्या भाचीला मिळालेलं पुस्तक जसंच्या तसं वरच्या मजल्यावरच्या मुलालाही मिळालं, फक्त नाव वेगळं. म्हणजे जगावेगळेपणाचा छापील फॉर्म, रिकाम्या जागा भरा.

माझा मुद्दा एवढाच की असली पुस्तकं त्या मुलाबद्दल काहीही सांगत नाहीत. मूल वेगळं असतं ते कशात? पाहुणे आले की ते पलंगाखाली जाऊन बसतं. झोपताना उशीचा एकच कोपरा त्याला हातात लागतो. भात आणि वरण ताटात एकमेकांना शिवलेलं त्याला खपत नाही. ज्या पुस्तकात असलं काही असतं तिथे ‘तू वेगळा आहेस’ हे वाक्य लागतच नाही. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ बघा. घरातली माणसं, त्यांचं उठणंबसणं, बस. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी सांगायचं राहिलेलं चित्रात सापडतं.

आणि माझा लाडका फर्डिनांड. १९३६ साली अमेरिकेत मन्रो लीफने लिहिला, रॉबर्ट लॉसनने काढला. स्पेनमधला गोऱ्हा. बाकीचे टकरा घेतात, हा बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. (लॉसनने त्या झाडाला फळांसारखे चक्क बाटलीच्या बुचांचे घोस लटकवलेत!) आईला काळजी, पोराला एकटं वाटत असेल. ती विचारते, तो म्हणतो मला इथंच बरं वाटतं. ती बघते की हा खरंच मजेत आहे, आणि त्याला त्याच्या जागी बसू देते. पुढे मधमाशी चावते, तो उधळतो, लोकांना वाटतं केवढा खुनशी बैल, म्हणून माद्रिदच्या रिंगणात नेतात. तिथेही हा बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसून राहतो. शेवटी घरी आणून सोडतात. सुधारत नाही, जिंकत नाही, शेवटी कुणी टाळ्या वाजवत नाही. फ्रँकोच्या स्पेनमध्ये या पुस्तकावर बंदी होती, नाझींनी ते जाळलं. ‘तू खास आहेस’वाली पुस्तकं जाळायचे कष्ट कुणी घेईल असं वाटत नाही.

ठाणेकर_आई:
कडाडून असहमत. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो. खेळगटात दुसरी मुलं त्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करतात. त्याला ‘तू असाच आमचा आहेस’ हे रोज, मोठ्याने, सरळ शब्दांत सांगावं लागतं. मुलांना सूचक कळतं, ती चित्रातून आपसूक अर्थ काढतात, हा तुमच्यासारख्या वाचनवेड्या मोठ्यांचा समज आहे. काही मुलांना कळतं. काहींना सांगावं लागतं.

आमच्याकडे डेव्हिड मॅकीचा एल्मर आहे, रंगीबेरंगी ठिगळांचा हत्ती. पुस्तक पहिल्यांदा १९६८ चं. त्यात एल्मर करड्या फळांवर लोळून स्वतःला बाकीच्या हत्तींसारखं करून घेतो. त्या पानावर माझा मुलगा दर वेळी थांबतो आणि बोटाने करडा रंग खरवडतो. त्या पानाचा कोपरा आता पांढरा पडलाय. पाऊस पडून एल्मरचा रंग परत येतो, कळप हसतो, सण ठरतो. यात काय सूचक आहे? सगळं ढोल वाजवून सांगितलंय. आणि पोचतं.

जुना_खडूस:
पोचतं, पण काय पोचतं ते बघा. ‘मी जसा आहे तसा भारी.’ मग दात घासायला सांगितलं की ‘मी असाच आहे’. आमच्या सोसायटीत अशी चार-पाच अद्वितीय बाळं आहेत, लिफ्टची सगळी बटणं दाबून पळतात.

कुटुंबाचं प्रेम वाचायचं तर १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचा. श्याम पोहायला घाबरून माळ्यावर लपतो. आई शिंपटी घेऊन बाहेर काढते नि विहिरीवर पाठवते. लोकांनी आपल्या पोराला भित्रा म्हणू नये म्हणून. याला प्रेम म्हणतात. इंद्रधनुष्य काढून होत नाही ते.

ठाणेकर_आई:
खडूसकाका, शिंपटीचे वळ हे पाच वर्षांच्या मुलाला झोपताना वाचून दाखवायचं साहित्य आहे का? अडखळणाऱ्या मुलाला असंच विहिरीत ढकलू का मी? ‘बोल नीट’ म्हणणारे नातेवाईक आहेतच की, शिंपटी तेवढी हातात नाही.

चिंचबोरं:
थांबा, काकांचं उदाहरण मला उपयोगी आहे, त्यांनी दिलं त्याच्या बरोबर उलट कारणासाठी. तो प्रसंग शिंपटीपाशी संपत नाही. श्याम पोहून घरी येतो तेव्हा आईने त्याच्यासाठी दही ठेवलेलं असतं. मॉरिस सेंडॅकच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकातही असंच आहे. दांडगाई करणाऱ्या मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते, तो राक्षसांच्या बेटावर जाऊन राजा होऊन परत येतो, तर खोलीत जेवण ठेवलेलं, आणि ते अजून गरम. आई एकाही चित्रात दिसत नाही! प्रेम आहे की नाही, ते वाचणाऱ्या पोराला बरोबर कळतं.

आणि श्याम हा ‘आदर्श बालक’ नाहीच. भितो, खोटं बोलतो, रुसतो. म्हणून तर इतकी वर्षं तो लोकांना आपला वाटतो. काकांना त्यात संस्कार दिसतात, मला एक विशिष्ट पोरगा दिसतो.

एल्मरबद्दल: तुमचा मुलगा रंग खरवडतो हे वाचून बरं वाटलं. पण तो थांबतो कुठल्या पानावर? हत्ती करडा होतो त्या चित्रावर. सणाच्या भाषणावर नाही.

पानसुपारी:
त्या नाचता न येणाऱ्या जिराफाच्या पुस्तकाबद्दल काय मत? मुलीच्या बालवाडीत संमेलनाला बसवला होता.

चिंचबोरं:
जाईल्स अँड्रिएचा, १९९९ चा. सगळे प्राणी नाचतात, जिराफाला येत नाही, त्याला हसतात. मग एक रातकिडा धीर देतो, जिराफ जबरदस्त नाचतो, सगळे टाळ्या पिटतात. म्हणजे वेगळं असायला हरकत नाही, फक्त शेवटी नाचून दाखवा. नाचलाच नसता तर? असल्या पुस्तकांतली अर्धी अधिक मला याच जातीची वाटतात.

परदेशी_पाहुणा:
न्यू जर्सीतून लिहितोय. चिंचबोरं, ‘न बोलता दाखवा’ हा हट्ट ज्यांची मुलं प्रत्येक पुस्तकात आधीपासून आहेत त्यांना परवडतो. इथलं एक उदाहरण देतो. १९६२ साली एझ्रा जॅक कीट्सने बर्फात खेळणाऱ्या पीटरची गोष्ट केली. लाल कोट घातलेला काळा मुलगा, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, बर्फाचा गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो, घरी आल्यावर आई त्याचे ओले मोजे काढते. मजकुरात त्याच्या वर्णाबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या वर्षी चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. तुमच्या सिद्धांताला अगदी फिट्ट.

पण १९६५ साली नॅन्सी लॅरिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईने तीन वर्षांतली पाच हजारांहून जास्त बालपुस्तकं तपासली, तर काळी व्यक्ती शब्दात वा चित्रात कुठेही असलेली पुस्तकं निघाली ६.७ टक्के. पीटरच्या पुस्तकावरही तिचा आक्षेप होता: मजकुरात त्याचा वर्ण येत नाही, आणि आईचं चित्र जुन्या साच्यातलं आहे. म्हणजे गप्प राहून दाखवण्यातही जुना साचा गुपचूप आत येऊ शकतो. पुढे मुलांचे केस, रंग, नावं यांचं उघड उघड कौतुक करणारी पुस्तकं आली, ती या भुकेतून. त्यातली बरीच भाबडी आहेत, मान्य. माझ्या मुलीच्या डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीला वर्गात नाकं मुरडली गेली तेव्हा मला असलंच एक भाबडं पुस्तक कामी आलं. फर्डिनांड घरात होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

फळा_खडू:
जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, बीड जिल्हा. तुमच्या दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत मला अडचण एकच, चित्रातलं कुटुंब. आई, बाबा, एक ताई, एक बाळ, जेवणाचं टेबल, दिव्याखाली गोष्ट सांगणारी आई. दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. काही मुलं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. पार उन्हाळा लागेपर्यंत. गेल्या हंगामात असंच एक ‘आई मला कुशीत घेते’ छापाचं पुस्तक वाचत होतो. दुसरीतली पोरगी म्हणाली, ‘माझी आय कोपीवर हाय.’ (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी.) पुढचं पान उलटवेना मला.

मग ‘आमचं घर’ म्हणून कोरे कागद दिले. तिने आजी काढली, शेळी काढली, आणि एक मोठा मोबाइल. मोबाइलच्या आत आई. शेळीचं नाव लिहिलं, आजीचं नाही.

वाचायला फुकटात काय मिळतं हेही लिहितो, कारण पाचशे-सातशे रुपयांचं पुस्तक आमच्याकडे येत नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, उतरवून छापता येतात. दर्जा वरखाली आहे. काही भाषांतरं तर वाचताना ठेच लागावी अशी.

चिंचबोरं:
फळा_खडू, मोबाइलमधली आई हेच ते पुस्तक! छापायला हवं.

फळा_खडू:
छापायला हवं खरं. पण ताई, त्या पोरीने वर्गाला चित्र दाखवलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘असंही घर असतं, आणि हे छान घर आहे.’ तुमच्या हिशेबात हे भाषण झालं. मी ते पुन्हा करीन. नुसतं चित्र भिंतीवर लावून गप्प बसलो असतो तर मागच्या बाकावरून ‘आई मोबाइलात मावती व्हय रं’ एवढंच ऐकू आलं असतं तिला.

ठाणेकर_आई:
+१. हेच म्हणतेय मी सकाळपासून.

चिंचबोरं:
ते वाक्य तुम्ही म्हणालात. तिच्याकडे बघून, तिच्या चित्राबद्दल. पुस्तकाने छापून सगळ्यांना सारखंच म्हणणं आणि मास्तरांनी एकीला म्हणणं यात फरक आहे. माझं भांडण छापील कौतुकाशी आहे.

परदेशी_पाहुणा:
आणि ज्या वर्गात असे मास्तर नाहीत तिथे?

जुना_खडूस:
तिथे शिंपटी. (गंमत केली. सूनबाईंनी नातीसाठी ते नाव छापलेलं पुस्तक मागवलंय, मलाच वाचून दाखवावं लागतं. नात तिसऱ्या पानावर उठून जाते.)

पानसुपारी:
दीड वर्षाच्या मुलासाठी काही सुचवा. आत्तापर्यंत तो पुस्तकं खातो.

चिंचबोरं:
जाड पुठ्ठ्याची घ्या. मराठीत फार कमी आहेत, आणि आहेत ती बहुतेक फळं, भाज्या, प्राणी. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी-इंग्रजी पुस्तकं बघा, पण ती बहुतेक पातळ कागदाची, थोडा मोठा झाल्यावर. तोवर घरातल्या माणसांचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून वर पारदर्शक टेप मारा. भाचीचं आवडतं पुस्तक तेच आहे. त्यात आजोबा दोन पानांवर आहेत, कारण एका फोटोत ते कवळी काढून हसतायत.

ठाणेकर_आई:
त्यात ‘आजोबांचं तुझ्यावर खूप प्रेम आहे’ असं लिहिलंय का खाली? :)

चिंचबोरं:
बहिणीने लिहिलंय. मी टेप मारताना झाकायचा प्रयत्न केला, पण पारदर्शक निघाली.