मदत हवी आहे: सरकारी की खाजगी, खाने कसे पाडू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, एमए करतेय. गोव्यातल्या कल्याणसेवांचा तक्ता करायचाय: पैसा कुणाचा, सेवा देणारं कोण, निवड कुणाची. अनुदानित शाळा सोपी. पगार सरकारचा, कारभार खाजगी व्यवस्थापनाचा. १०८ रुग्णवाहिकाही तशीच. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत (सरकारी आरोग्य विमा) यादीतलं खाजगी इस्पितळ रुग्णच निवडतो, म्हणून तिसरा रकाना लागला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत (वृद्ध वगैरेंना सरकारची दरमहा मदत) तर पैसेच हातात. आमची आजी त्यातून औषधं आणते, कधी बांगडेही! मग सेवा देणारं कोण लिहू? आणि चर्चच्या देणगीवर चालणारा वृद्धाश्रम? 'खाजगी' म्हटलं की तो नफेखोर नर्सिंग होमच्या पंगतीत बसतो, ते पटत नाही. वेगळा रकाना करू का? शुक्रवारी द्यायचंय.