मदत हवी आहे: जाहिरात एजन्सीतील इंटर्नशिपचा अहवाल विक्रीच्या आकड्यांशिवाय कसा लिहावा?

नमस्कार. मी व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असून मार्केटिंग हा माझा मुख्य विषय आहे. एका मध्यम आकाराच्या जाहिरात एजन्सीतील माझी इंटर्नशिप नुकतीच संपली. आता त्या कामावर आधारित प्रकल्प-अहवाल सादर करावयाचा आहे आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे. जाहिरात, ब्रँड किंवा ग्राहक-संशोधन या क्षेत्रांत काम केलेल्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवे असल्यामुळे प्रश्न थोडा सविस्तर मांडते.

माझी नेमणूक क्लायंट सर्व्हिसिंग विभागात होती. क्लायंटला काय हवे आहे ते समजून घेऊन क्रिएटिव्ह विभागापर्यंत पोहोचवणे आणि तिथे तयार झालेले काम क्लायंटकडून मंजूर करून आणणे, ही या विभागाची जबाबदारी. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आलेली कामे किरकोळ वाटावीत अशीच होती: प्रतिस्पर्धी ब्रँडच्या जाहिराती गोळा करून त्यांची वर्गवारी करणे, आर्टवर्क छपाईला जाण्यापूर्वी त्यातील कायदेशीर सूचना आणि लोगोचा आकार तपासणे, कोणता जॉब कुणाकडे अडकला आहे याची नोंद ठेवणे आणि प्रत्येक बैठकीनंतर कॉन्टॅक्ट रिपोर्ट लिहिणे. या शेवटच्या कामाने मला सर्वांत जास्त शिकवले. बैठकीत काय ठरले, कोणी काय मान्य केले आणि कोण काय केव्हापर्यंत देणार, हे लगोलग लिहून दोन्ही बाजूंना पाठवले नाही तर पुढच्या बैठकीत ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते म्हणणारी बाजू नेहमी क्लायंटचीच असते असेही नाही.

ज्या मोहिमेवर मी सर्वाधिक काळ होते ती घरगुती वापराच्या एका उपकरणाची होती. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे याहून अधिक सांगता येणार नाही. इतकेच सांगते की बहुतेक लोक ही वस्तू जुनी बंद पडल्यावरच, आणि तीही घाईघाईने, विकत घेतात. क्लायंटच्या मूळ ब्रीफमध्ये (म्हणजे जाहिरातीकडून काय हवे ते सांगणाऱ्या लेखी टिपणात) तरुण ग्राहकांना आकर्षित करणे, उत्पादनाची पाच वैशिष्ट्ये सांगणे आणि विक्री वाढवणे, असे सगळेच एका दमात मागितलेले होते. एजन्सीतील प्लॅनरने, म्हणजे ग्राहकाचा विचार करून मोहिमेची दिशा ठरवणाऱ्या व्यक्तीने, दोन बैठकांत केवळ प्रश्न विचारून त्याचे रूप पालटले. घाईच्या वेळी माणूस वैशिष्ट्यांचे तक्ते वाचत बसत नाही, जी एक-दोन नावे चटकन आठवतात त्यांतूनच निवड करतो. म्हणून जाहिरातीचे काम एकच, वेळ येईल तेव्हा हे नाव आठवले पाहिजे. क्रिएटिव्ह विभागाला द्यायचे टिपण, म्हणजे क्रिएटिव्ह ब्रीफ, एका पानाचे झाले आणि त्यात पाचांपैकी एकच वैशिष्ट्य उरले. वर्गात आम्ही जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये मांडलेले चार ‘पी’ (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) मोठ्या निष्ठेने शिकतो. एजन्सीच्या हाती त्यांपैकी प्रमोशनचा केवळ एक कोपरा असतो, मात्र विक्री घसरली की पहिला फोन तिलाच येतो.

आता अडचण अशी की माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांना अहवालाचा विषय ‘जाहिरात मोहिमेचा विक्रीवरील परिणाम’ असा हवा आहे आणि त्यात गृहीतक, प्रश्नावली व सांख्यिकी चाचणी असावी असा त्यांचा आग्रह आहे. विक्रीचे आकडे क्लायंटचे असून ते मला मिळणार नाहीत. ते मिळाले असते तरी मोहिमेच्याच काळात उत्पादनावर सवलत होती आणि नवे विक्रेतेही जोडले गेले होते, त्यामुळे वाढीचे श्रेय जाहिरातीला किती द्यायचे हे मला ठरवता आले नसते. वर्गमित्रांकडून प्रश्नावली भरून घेण्याचा मार्ग सोपा आहे, पण ज्यांनी हे उपकरण कधी विकत घेतलेच नाही त्यांच्या उत्तरांवर चाचणी लावून काय सिद्ध होणार?

माझ्या मनात पर्यायी विषय आहे: क्लायंटच्या ब्रीफचे क्रिएटिव्ह ब्रीफमध्ये रूपांतर होताना आशयात काय बदलते आणि ब्रीफच्या स्पष्टतेचा फेरकामाशी काय संबंध असतो. हा विषय संशोधन म्हणून टिकेल का, त्याला कोणत्या सिद्धान्ताचा आधार देता येईल, आणि गोपनीयता सांभाळून तपशील कितपत लिहावेत, याविषयी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे प्लॅनिंग विभागात काम केले आहे, म्हणून लिहितो. तुमचा पर्यायी विषय मूळ विषयापेक्षा निश्चितच चांगला आहे, आणि त्याला आधार शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. रसेल कोली यांनी 1961 मध्ये अमेरिकेतील जाहिरातदारांच्या संघटनेसाठी ‘डॅगमार’ ही पद्धत मांडली. जाहिरातीचे उद्दिष्ट विक्रीच्या भाषेत न लिहिता संज्ञापनाच्या भाषेत लिहावे, कारण विक्रीवर किंमत, वितरण, स्पर्धा अशा अनेक गोष्टींचा प्रभाव असतो, हाच तिचा गाभा आहे. कोणत्या लोकांमध्ये, आज कुठे असलेली गोष्ट, किती काळात, कुठवर न्यायची, हे चारही तपशील उद्दिष्टात असले पाहिजेत असे ती सांगते. तुमच्या प्लॅनरने ‘विक्री वाढवा’चे ‘नाव आठवले पाहिजे’ केले, ते याच परंपरेतले आहे. जाणीव, आकलन, खात्री आणि कृती अशा पायऱ्या माणूस शिस्तीत चढत जातो हे तिचे गृहीतक पुढे पुष्कळ टीकेचे धनी झाले. घाईच्या खरेदीत तर ते सहज कोलमडते, तेव्हा ती टीकाही अहवालात अवश्य घ्या.

दुसरा धागा अकाऊंट प्लॅनिंगच्या इतिहासाचा आहे. 1968 च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीत स्टीफन किंग यांनी (भयकथा लिहिणारे ते वेगळे) आणि बोस मासिमी पॉलिट या एजन्सीत स्टॅन्ली पॉलिट यांनी हे काम स्वतंत्रपणे उभे केले. ग्राहकाची बाजू ब्रीफ लिहिण्याच्या टप्प्यावरच एजन्सीत मांडणारे कुणीतरी असावे, ही त्यामागची गरज. तुम्ही पाहिलेल्या दोन बैठका म्हणजे त्याच गरजेचे प्रात्यक्षिक होते, असे म्हणायला हरकत नाही.

पद्धतीविषयी सांगायचे तर, प्रत्येक फेरकाम हे एक एकक धरा आणि त्याचे कारण ठरवा: ब्रीफ अस्पष्ट होते, क्लायंटचा विचार बदलला, एजन्सीकडून चूक झाली, की कायदेशीर वा तांत्रिक दुरुस्ती होती. ही वर्गवारी तुम्ही एकदा करा, काही नोंदींची दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि दोघांतील सहमती कोहेनच्या कॅपा गुणकाने मोजा. प्राध्यापकांना हवी असलेली संख्या तिथे आपोआप येते. नोंदी थोड्या असतील तर टक्केवारी देऊ नका, सरळ आकडे द्या. टाइमशीटवर (कोणत्या कामाला किती वेळ लागला याच्या नोंदीवर) मात्र फार भिस्त ठेवू नका, कारण आठवड्याच्या शेवटी आठवून आठवून भरलेल्या टाइमशीट मी स्वतः पुष्कळ पाहिल्या आहेत. एका मोहिमेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, त्यामुळे ‘संबंध’ या शब्दाऐवजी ‘निरीक्षण’ म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल.

गोपनीयतेच्या बाबतीत, केवळ नाव झाकल्याने भागत नाही. उत्पादनाचा प्रकार, मोहिमेचा काळ आणि माध्यमे एकत्र लिहिली की क्षेत्रातला माणूस ब्रँड क्षणात ओळखतो, म्हणून या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी धूसर ठेवा. आकडे मनाने बदलू नका. पहिल्या आकड्याला 100 मानून बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडा. प्रसिद्ध झालेली जाहिरात सार्वजनिक असते, पण नाकारलेल्या कल्पना आणि डेक (सादरीकरणाच्या स्लाइड) सार्वजनिक नसतात, मग त्या तुम्हाला कितीही आवडलेल्या असोत. कॉन्टॅक्ट रिपोर्ट तुम्ही लिहिलेले असले तरी ते एजन्सीचे दस्तऐवज आहेत. त्यांचा वापर करण्यासाठी लेखी परवानगी घ्या आणि अहवालाचा मसुदा सादर करण्यापूर्वी त्यांना वाचायला द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ‘डॅगमार’चा उल्लेख आमच्या पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपला आहे, त्यामुळे तो इथे उपयोगी पडेल हे सुचले नव्हते. परवानगीसाठी एजन्सीतील माझ्या वरिष्ठांना पत्र लिहीत आहे. एक शंका उरते: अहवालात ग्राहक कुठेतरी असलाच पाहिजे असे प्राध्यापक म्हणतात. ब्रँडच्या स्मरणाचे छोटे सर्वेक्षण जोडले तर चालेल का?

प्रतिसाद

मी हा विषय शिकवतो. सर्वेक्षण जरूर जोडा, मात्र त्याच्याकडून भलती अपेक्षा करू नका. मोहिमेपूर्वीचे मोजमाप तुमच्याकडे नाही, त्यामुळे त्यातून मोहिमेचा परिणाम दिसणार नाही. आज कोणती नावे लोकांच्या मनात आहेत एवढेच दिसेल आणि तसेच स्पष्ट लिहावे. अलीकडे हे उपकरण घेतलेले किंवा लवकरच घेऊ पाहणारे लोकच निवडा, मग ते कमी मिळाले तरी चालतील. आधी कोणतेही नाव न सांगता ‘या प्रकारातील कोणते ब्रँड आठवतात’ असे विचारा, नावांची यादी त्यानंतरच दाखवा. क्रम उलटा झाला तर पहिल्या प्रश्नाची उत्तरे वाया जातात. यादीत अस्तित्वात नसलेले एक नाव घाला. ते ‘ऐकले आहे’ असे सांगणारे काही जण नक्की निघतील आणि त्यावरून बाकीच्या होकारांवर किती विसंबायचे याचा अंदाज येईल.

प्राध्यापकांकडे विषय बदलून मागण्याऐवजी एका पानाचा प्रस्ताव घेऊन जा: कोणती सामग्री हाती आहे, कोणती मिळणार नाही, उपलब्ध सामग्रीवर कोणता प्रश्न विचारता येतो आणि उत्तर कसे तपासले जाईल. माझ्या अनुभवात, ‘आकडे मिळत नाहीत’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा ‘हे आकडे आहेत, यांचे असे करते’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक लवकर होकार देतात. तोंडी परीक्षेत ‘यात तुमचे स्वतःचे काम कोणते?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी स्पर्धक जाहिरातींची वर्गवारी, आर्टवर्कची तपासणी आणि कॉन्टॅक्ट रिपोर्ट यांचे स्वतंत्र परिशिष्ट जोडा, आणि प्लॅनरने केलेले काम प्लॅनरच्याच खात्यावर राहील याची काळजी घ्या.