राजकन्या मारी: खरी शिल्पकार की दरबारी कौतुक?

निवांत_पाटी: प्रॉस्पर लाफायेने रंगवलेलं मारी दॉर्लियांचं चित्र बघितलंय का कोणी? फ्रान्सच्या लुई-फिलिप राजाची मुलगी, जन्म १८१३. चित्रात ती पॅरिसच्या ट्युलरीज राजवाड्यातल्या तिच्या स्टुडिओत आहे. माझ्या मते हे शिल्पकाराचं चित्रच नाही, राजवाड्याचं आहे. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या थाटाची खोलीच डोळ्यात भरते, बाई त्यात हरवून गेलीये. बापाने १८३७ला व्हर्सायच्या राजवाड्याचं म्युझियम केलं आणि लेकीने घडवलेला जोन ऑफ आर्कचा, फ्रान्सच्या मध्ययुगातल्या लढवय्या नायिकेचा, पुतळा तिथे जाऊन बसला. दुसऱ्या कोणाला एवढी सहज जागा मिळाली असती?

खडूमाती: वशिला होता, कोण नाही म्हणतंय. पण ती खोली नुसती सजावट कशी? मध्ययुगाचं वेड तिचंच, खोलीही तिच्याच आवडीने तशी केलेली, म्हणजे चित्रात तिचं काम दिसतंयच की. आणि जोन नीट बघा, घोड्यावर बसून गर्जना बिर्जना काही नाही, चिलखतातली पोरगी मान खाली घालून तलवार छातीशी धरून प्रार्थना करतेय. असं सुचायला वशिला पुरत नाही.

निवांत_पाटी: तिचा गुरू आरी शेफर, तो मुळात पेंटर. राजकन्या मातीत मॉडेल करणार आणि संगमरवरावर घाम गाळणार कारागीर. चित्रात ते कुठायत?

खडूमाती: अहो ही तर तेव्हाची रीतच होती, मोठमोठे पुरुष शिल्पकारही हेच करायचे, त्यांना कोणी विचारत नाही. आपल्या करमरकरांचा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा माझगाव डॉकमध्ये ओतला, मग काय तो डॉकचा झाला?

चहा_कमी_साखर: एक राहिलं. पॅरिसच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये, एकोल दे बोझारमध्ये, बायकांना १८९७पर्यंत प्रवेशच नव्हता. राजकन्या होती म्हणून घरी मास्तर तरी आला, साध्या घरातल्या मुलीने काय करायचं?

निवांत_पाटी: तेच तर म्हणतोय! चित्र ते कुठे सांगतं?

खडूमाती: चित्राने सगळंच सांगायचं का आता? बरं, जोनच्या छोट्या प्लास्टरच्या कॉपी घरोघरी गेल्या, त्या घेणारे काय सगळे दरबारी होते?

निवांत_पाटी: १८३९ला क्षयाने गेली, पंचवीस वर्षांची. 'बिचारी राजकन्या' म्हणून कॉपी खपल्या नसतील कशावरून? मला तरी तेच वाटतं.