सायकल विमानाने परदेशी न्यायची आहे, खोक्यात नीट कशी भरावी?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांनी तीन आठवड्यांच्या सायकलसफरीला परदेशी निघायचंय. तिकिटं झाली, रस्ता ठरला. पण सायकल खोक्यात भरायचा विचार आला की पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण मागचा अनुभव आहे.

गेल्या खेपेला दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सायकल घातली, भरपूर चिकटपट्टी मारली आणि निर्धास्त झाले. उतरल्यावर खोकं हातात आलं तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला होता. सायकल वरवर धड दिसत होती. पहिल्याच मोठ्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आऱ्यांना घासायला लागला. तो ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला जोडलेला असतो तो हँगर आत वाकला होता. तिथल्या तिथे थांबले म्हणून बरं, नाहीतर डिरेलर आऱ्यांत अडकून चाकच हातचं गेलं असतं. माझ्या फ्रेमला बसणारा हँगर मिळेपर्यंत दोन दिवस खोलीत बसून काढले. खोकं कुठे आपटलं ते कळायला मार्ग नव्हता. डिरेलर जागेवर तसाच ठेवून सायकल भरली, ही चूक मात्र माझी.

या वेळी सायकल स्टीलची टूरिंगची आहे. मागेपुढे कॅरियर, मडगार्ड, तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, दोन्ही चाकांना थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार घालून आवळायचा आस). नुसती सायकल साडेचौदा किलो भरते. जाणं एका शहरात आणि परतणं दुसऱ्या शहरातून, त्यामुळे कडक कवचाची पेटी बाद. तीन आठवडे ती ठेवणार कुठे? म्हणजे परत पुठ्ठाच.

पेडल काढणं, सीटची उंची चिकटपट्टीने खूण करून ठेवणं, नळ्यांना फोम गुंडाळणं हे जमतं. अडतं ते पुढे. डिरेलर पूर्ण काढावा, की मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन नेऊन तो आत ओढून घेतला तरी पुरे? हँडल काढताना स्टेमसकट (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यासकट) काढायचं का? हायड्रॉलिक ब्रेकच्या सायकलची चाकं काढून प्रवास कधी केलेला नाही, तेल गळायची भीती वाटते. आणि टायरमधली हवा पूर्ण सोडा असं विमान कंपनीच्या नियमांत लिहिलंय. तशी सोडली तर रिमला मार बसणार नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

डिरेलर काढाच. मोठ्या चकतीवर नेल्याने तो थोडा आत जातो खरा, पण हँगरवरचा धोका टळत नाही. पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने हँगरपासून सोडवा. चेन तोडायची नाही, केबल काढायची नाही. बबल रॅपमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला झिप टायने बांधून टाका. परत बसवताना बोल्ट आधी बोटांनी फिरवून आटे धरतात का बघा, मगच की लावा. हँगरचे आटे मऊ असतात, एकदा बिघडले की झालं. आणि तुमच्या फ्रेमचा जादा हँगर आजच मागवा. हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो, हे तुम्ही भोगलंच आहे.

स्टेम काढू नका. स्टेम निघाला की हेडसेटचे, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याचे, बेअरिंग आणि कड्या मोकळ्या होतात. फक्त स्टेमच्या तोंडावरची पट्टी सोडवून हँडल वेगळं करा आणि आडव्या नळीला बांधा. पट्टीचे चारही स्क्रू लगेच परत जागेवर लावून ठेवा. हीच सवय कॅरियरला लावा: जो स्क्रू निघाला तो त्याच भोकात परत. परक्या गावात एका स्क्रूसाठी हिंडायची वेळ येत नाही.

ब्रेकचं तेल गळत नाही, ती बंद व्यवस्था असते. धोका वेगळा आहे. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जाईना अशी गत होते. दोन पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) घाला. नसेल तर स्वच्छ जाड पुठ्ठ्याची घडी चालते. सायकल जोडल्यावर लिव्हर मऊ वाटला तर ती सरळ उभी करून पाच-दहा वेळा दाबा.

काढलेल्या चाकाची डिस्क सोडवून कपड्यांत सपाट ठेवा. सहा बोल्टची असेल तर टी-२५ चावी लागते. डिस्कला तेलकट हात लावू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फोर्ककडे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याकडे. चाक काढलं की त्याची दोन टोकं एका बाजूच्या दाबाने चेपू शकतात. नव्या सायकलींबरोबर येणारा प्लास्टिकचा स्पेसर दुकानदार फेकूनच देतो, मागून घ्या. नाहीतर तुमचाच थ्रू ॲक्सल बरोबर मापाच्या नळीतून आरपार घालून ठेवा. टोकांखाली पुठ्ठ्याचे तीन-चार थर द्या, म्हणजे ती खोक्याचा तळ फाडणार नाहीत. पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीवर (चेनरिंगवर) चेन ठेवा, दाते झाकले जातात.

प्रतिसाद

हवेबद्दल. विमानाच्या सामानकक्षातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, फार तर २४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी. म्हणजे टायरमधला दाब जेमतेम ४ पीएसआयने (पीएसआय हे पंपावर दिसणारं दाबाचं एकक) वाढल्यासारखा होतो, टायर फुटत नाही. तरी नियम लिहिला असेल तर वाद घालू नये. अंगठ्याने सहज दबेल इतकीच हवा ठेवा, रिमही सांभाळली जाते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला, भोकं बुजवणारा द्रव घातलेला) टायर असेल तर पूर्ण रिकामा करूच नका, टायर रिमपासून सुटतो आणि आतला द्रव सांडतो.

वजनाचं गणित आधी मांडा. बऱ्याच कंपन्यांत एका नगाला २३ किलोची मर्यादा असते आणि ३२ किलोच्या वरचा नग प्रवासी सामानात सहसा घेतच नाहीत. खोकं तीन-चार किलो खातं. मोकळ्या जागेत तंबू, झोपायची पिशवी असं मऊ सामान भरा, आतली खडखड थांबते. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर दोघांकडून सायकल घेत असल्याचं लेखी उत्तर मागवा आणि छापून जवळ ठेवा.

दिवे आणि पॉवर बँकेच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या खोक्यात नकोत, हातातल्या पिशवीत न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची पॉवर बँक, परवानगीशिवाय चालते. हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या घरीच ठेवा, साधा हातपंप घ्या.

खोकं बंद करण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढा. उतरल्यावर विमानतळाबाहेर पडण्याआधीच उघडून बघा, आणि काही मोडलेलं दिसलं तर तिथल्या तिथे लेखी नोंद करून घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. भरपाईला कमाल मर्यादा आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशाच्या सगळ्या सामानाला मिळून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). सायकल त्याहून महाग असेल तर वेगळा विमा बघा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! काल रविवारी रंगीत तालीम केली. पहिल्यांदा साडेतीन तास लागले, डिरेलर सोडवायला मात्र पाचच मिनिटं. इतक्या सोप्या कामाला मी घाबरत होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक असूनही गडबडीत आधी आवळतच बसले होते. भरलेलं खोकं २४.३ किलो भरलं, म्हणून कुलूप आणि हत्यारांची पिशवी दुसऱ्या बॅगेत हलवली. खोकं आडवं करून हलवून बघितलं, आतून काही आवाज नाही.

एक प्रश्न उरलाच. परतीच्या शहरात खोकं कुठून आणायचं?

प्रतिसाद

तिथल्या दोन-तीन सायकलदुकानांना आठवडाभर आधी ईमेल करा. नव्या सायकलींची खोकी त्यांच्याकडे येतच असतात, पण सांगून ठेवलं नाही तर ती रद्दीत जातात. मिळालंच नाही तर जाड पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी हा जुन्या टूरिंगवाल्यांचा मार्ग आहे. आत सायकल आहे हे दिसलं की लोक ती उभी ठेवतात आणि तिच्यावर बॅगा रचत नाहीत, असा त्यामागचा विचार. मी दोनदा तशी नेली, दोन्ही वेळा सुखरूप आली. मात्र तुमच्या कंपनीला पिशवी चालते का ते आधी विचारा, काहींना खोकंच लागतं.

आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर टायरच्या खाचांतली आणि मडगार्डखालची माती ब्रशने घासून काढा, आणि वापरलेली सायकल आणल्याचं तिथल्या अर्जावर लिहा. तिथे मातीचा कणही तपासतात.

धागाकर्ती

न्यूझीलंडलाच चाललेय! हे सुचलंच नव्हतं. मडगार्ड आज संध्याकाळीच काढते. तिथल्या तीन दुकानांना ईमेल पाठवले आहेत, हँगरही दोन मागवले.