विंडसर खुर्ची: खरी 1790 ची की नक्कल?

खुर्चीवेडा: न्यू जर्सीतल्या लिलावात धनुष्यासारख्या पाठीची विंडसर (पाय आणि पाठीच्या काड्या थेट लाकडी बैठकीत रोवलेली खुर्ची) आलीय. चिठ्ठी 'फिलाडेल्फिया, 1790'. वर काळा रंग, खालून हिरवा डोकावतो. बघायला अर्धा तास मिळेल. काय काय तपासू? आणि दोन पाय हलतायत, ते कसे बसवायचे?

कातारी: आधी उलटी करा. बैठकीच्या पोटाला रंध्याच्या उथळ खाचा बोटांना लागल्या पाहिजेत. गोल करवतीचे कमानदार ओरखडे दिसले तर 1790 विसरा. मग कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घ्या. पायाची जाडी मोजा, 90 अंश फिरून तिथेच परत मोजा. लाकूड दोन दिशांना सारखं आकसत नाही, म्हणून जुना कातीव पाय अर्धा-एक मिलिमीटर लंबगोल भरतो. बैठकही जाडीत आकसते. पायाची कूस (बैठकीच्या भोकात शिरणारा भाग) आरपार असेल तर तिचं टोक वर किंचित उठलेलं जाणवतं.
बैठक ट्यूलिप पॉप्लरची, पाय मेपलचे, पाठीच्या काड्या हिकोरीच्या, अशी तीन वेगळी लाकडं दिसली म्हणून बिचकू नका. अशी सरमिसळ झाकायलाही रंग होताच.

पटाशी७: नुसत्या कॅलिपरवर भिस्त नको. वॉलेस नटिंग या अमेरिकन माणसाने 1917 च्या सुमारास विंडसरच्या उत्तम नकला काढायला सुरुवात केली, शंभर वर्षांत त्यांचे पायही लंबगोल होऊ शकतात. त्याच्या पुष्कळ खुर्च्यांवर बैठकीखाली त्याचं नाव तापल्या लोखंडाने डागलेलं असतं. तिथे खरवडलेला पट्टा दिसला तर सरळ उठा. काड्या बैठकीत शिरतात त्या सांध्यात भिंगाने रंगाचे थर बघा. आणि हो, झीज बसणाऱ्याच्या टाचा लागतात तिथे, म्हणजे पायांमधल्या आडव्या दांडीवर हवी. सगळीकडे सारखी असेल तर ती पॉलिश पेपरची करामत.

सरसवाला: पायांना खिळा, स्क्रू, इपॉक्सी काही नको. जुना सरस गरम पाण्याने सुटतो. सुईने सांध्यात थोडं थोडं सोडा, पाय हळूच पिळत काढा. कूस ओल्या फडक्याने पुसा. कानस लावलीत तर ती बारीक होऊन पुन्हा हलेल. नवा सरस 60 अंशांच्या आसपास गरम लावा, 24 तास आवळून ठेवा. पाचर असेल तर बैठकीच्या लाकडाच्या रेषेला आडवी ठोका. रेषेच्या दिशेने ठोकलीत तर ती कुऱ्हाडीचं काम करते, बैठक चिरते. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासू नका.

खुर्चीवेडा: फोटोसोबत बैठकीची उंची साडेपंधरा इंच दिलीय.

कातारी: सतरा-अठरा हवी. पाय कापलेत. पायांच्या टोकांना डोलपट्ट्या बसवायची खाच असेल किंवा बुजवलेली दिसली, तर मधे कुणीतरी हिची डोलखुर्ची केली होती. भाव निम्म्याखाली लावा.