विंडोची चौकट की काठ?

नमस्कार मंडळी. नाशकात कॉलेजच्या मुलांसाठी ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगच्या मराठी टिपा लिहितोय. विंडो उघडून देणाऱ्या जीएलएफडब्ल्यू लायब्ररीत विंडो उघडण्याआधी ‘डेकोरेटेड’ हा पर्याय फॉल्स (बंद) केला की कडा, टायटल बार, बंद करायची फुली सगळंच जातं. मी डेकोरेशनला ‘सजावट’ लिहिलं. मुलांना वाटलं नुसती शोभा आहे, काढून टाकली. मग विंडो हलेना, ओढून लहानमोठी होईना. शब्दानेच त्यांना फसवलं, याचं फार वाईट वाटलं. काय लिहू?

———

‘चौकट’ लिहा. जुन्या नाशकातल्या वाड्यांना चौकट सुतार बसवायचा, आतली खोली घरमालक लावायचा. लिनक्सवरच्या एक्स११ या जुन्या विंडो-व्यवस्थेत हेच चालतं: चौकट विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम बसवतो, आपला प्रोग्रॅम आतलं चित्र तेवढं रंगवतो. आणि चौकट म्हटल्यावर ती शोभेची आहे असं कुणी समजणार नाही.

टायटल बारसाठी दारावरच्या गणेशपट्टीची आठवण झाली, पण ती धरून कुणी घर हलवत नाही. रूढ ‘शीर्षकपट्टी’च बरी.

———

मी येवल्याची. चौकट पटली, पण ती सगळीकडे लागू नाही. वेलँड या लिनक्सवरच्या नव्या व्यवस्थेवर नोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर कडा नि पट्टी प्रोग्रॅमनेच रंगवायची असते. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर ती बाहेरून मिळू शकते. नोमच्या बाबतीत मी ‘काठ’ म्हणेन. पैठणीचा काठ मागाहून शिवत नाहीत. अंगाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे, आणि धागे एकमेकांत गुंतवत सगळं एकाच मागावर उतरतं. बाहेरून बसते ती चौकट, प्रोग्रॅम स्वतः विणतो तो काठ.

———

ताई, हाच फरक मला दोन पानं लिहूनही सांगता येत नव्हता. मनापासून आभार. पुढची टीपही यानेच सुटली. चौकट काढली की हलवण्याची सोय आपण करायची. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या प्रोग्रॅमला विचारते, माउस कुठल्या भागावर आहे? आपण ‘एचटीकॅप्शन’ (म्हणजे शीर्षकपट्टी) उत्तर दिलं की त्या जागेला ती शीर्षकपट्टी मानते आणि धरून ओढू देते. एसडीएल या दुसऱ्या लायब्ररीत यासाठी हिट टेस्टचं, म्हणजे माउस कुठे आहे ते तपासण्याचं, फंक्शन आहे; तो शब्द तसाच ठेवतोय.

लहानमोठं करायला जी बारीक पट्टी धरतो, तिला काय म्हणावं?

———

नुसती ‘कड’. ‘कड धरून ओढा’ असं आपण एरवीही म्हणतोच की.